पारपत्र आणि व्हिसा : परदेशप्रवासाची दोन दारे

परदेशी निघालेल्या प्रवाशाला दोन दारे ओलांडावी लागतात. एक त्याच्या स्वतःच्या देशाचे आणि दुसरे तो जेथे जाणार त्या देशाचे. विमानाने हे अंतर काही तासांवर आणल्यामुळे दोन्ही दारे एकाच भिंतीत असल्यासारखी वाटतात. दोन्हीकडे तीच पुस्तिका पुढे करावयाची आणि तशाच खिडकीपुढे तिष्ठत उभे राहावयाचे. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन दारांत फार मोठा फरक आहे. आपला देश सोडून जाणे आणि पुन्हा आपल्या देशात परत येणे हा माणसाचा हक्क होय, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तेराव्या अनुच्छेदात म्हटले आहे. छळाला कंटाळून पळालेल्या माणसाचा आश्रय मागण्याचा हक्क त्याच्या पुढच्याच अनुच्छेदात आहे. परंतु परक्या देशात प्रवेश मिळण्याचा सर्वसाधारण हक्क त्या जाहीरनाम्यात कोठेही आढळत नाही.

तात्पर्य, बाहेर पडणे हा हक्क आहे आणि आत येऊ देणे ही यजमान देशाची मर्जी आहे. परदेशप्रवासासाठी लागणाऱ्या कागदपत्रांचा सारा पसारा या एका विसंगतीतून उत्पन्न झाला आहे. पारपत्र अथवा पासपोर्ट हे पहिल्या दाराशी निगडित आहे. ते प्रवाशाचे स्वतःचे सरकार देते. व्हिसा दुसऱ्या दाराशी निगडित आहे. तो परके सरकार देते. या भेदाचे विस्मरण झाले म्हणजे प्रवाशाची निराशा होते, आणि प्रवासी गरीब असेल तर पुष्कळदा फसवणूकही होते.

मुद्रेपासून पुस्तिकेपर्यंत

ये-जा करणाऱ्यांवर लेखी परवान्याच्या साहाय्याने नजर ठेवण्याची कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मुद्राध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. एक माषक शुल्क घेऊन त्याने मुद्रा द्यावी, मुद्राधारकालाच जनपदात येता किंवा जनपदाबाहेर जाता यावे, आणि मुद्रेवाचून फिरणाऱ्या रहिवाशाला बारा पण दंड व्हावा, अशी व्यवस्था तेथे सांगितली आहे. येथे आत येणे आणि बाहेर जाणे या दोन्हींसाठी एकच मुद्रा आणि एकच अधिकारी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी हिंदी महासागरातील व्यापारी जहाजांवर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना लादला. हा परवाना माणसापेक्षा जहाजाला व मालाला उद्देशून असे, आणि तो नसलेले जहाज पकडले जाई.

आजच्या अर्थाने पारपत्र सार्वत्रिक झाले ते पहिल्या महायुद्धामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने प्रवास वाढला, तेव्हा युरोपातील बहुतेक देशांनी पारपत्राची सक्ती सोडून दिली होती. रशिया आणि तुर्कस्तान हे त्यातील ठळक अपवाद होत. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच हेर आणि पळपुटे सैनिक यांच्या भीतीने ही सक्ती परत आली आणि युद्ध संपल्यावरही ती टिकून राहिली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पारपत्रासाठी बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा नमुना सुचविला. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्याजवळ पारपत्र असण्याची सक्ती करणारा कायदा झाला. तो शंभरहून अधिक वर्षे चालू राहिला. २०२५ च्या आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियमाने तो आणि त्याच्या सोबतीचे जुने कायदे रद्द केले.

ज्यांना कोणतेच सरकार आपले म्हणावयास तयार नाही अशा माणसांचे काय, हा प्रश्नही त्याच काळात पुढे आला. क्रांतीनंतर देशाबाहेर पडलेल्या रशियन निर्वासितांसाठी १९२२ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या प्रयत्नाने एक ओळखपत्र निघाले; ते ‘नान्सेन पारपत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. भारतात राहणाऱ्या तिबेटी निर्वासितांना प्रवासासाठी भारत सरकार ओळख-प्रमाणपत्र देते, ते याच परंपरेतील होय. पारपत्र म्हणजे केवळ नाव-गाव सांगणारा कागद नव्हे, तर ‘या माणसाच्या पाठीशी आम्ही उभे आहोत आणि तो परत आल्यास त्याला घरात घेऊ’ असे एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेले वचन आहे, हे अशा माणसांच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते.

बंद दार : कोमागाता मारू

यजमान देशाची मर्जी कोणत्या थराला जाऊ शकते याचा भारतीयांना आलेला सर्वांत कडू अनुभव १९१४ सालचा आहे. त्यापूर्वीची थोडी पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे अशी अट घातली. कायद्यात हिंदी माणसांचा उल्लेख नव्हता. परंतु तो कोणाला अडविण्यासाठी केला आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने श्रुतलेखनाच्या परीक्षेच्या रूपाने हीच युक्ती उचलली. कॅनडाने १९०८ मध्ये आणखी निराळी वाट काढली. आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तेथेच काढलेल्या तिकिटावर, मध्ये कोठेही खंड न पडू देता जो येईल त्यालाच प्रवेश, असा नियम तेथे झाला. हिंदुस्थानातून कॅनडापर्यंत असा अखंड प्रवास करण्याची सोय प्रत्यक्षात उपलब्ध नव्हती. शिवाय आशियातून येणाऱ्या बहुतेकांजवळ दोनशे डॉलर असले पाहिजेत, अशीही अट होती.

बाबा गुरदित सिंग यांनी या नियमाला आव्हान देण्याच्या हेतूने कोमागाता मारू हे जपानी जहाज भाड्याने घेतले. ४ एप्रिल १९१४ रोजी ते हाँगकाँगहून निघाले आणि वाटेत शांघाय व जपानमधील बंदरांतून उतारू घेत २३ मे रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात पोचले. जहाजावर ३७६ उतारू होते. बहुतेक पंजाबातील शीख, काही मुसलमान आणि काही हिंदू. सारेच ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्यामुळे त्याच साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पूर्वी कॅनडात राहून गेलेले काहीजण व एक डॉक्टर आणि त्याचे कुटुंब एवढ्यांनाच उतरू देण्यात आले. उरलेले दोन महिने किनारा समोर दिसत असताना जहाजावरच अडकून पडले; अन्नपाण्याचीही टंचाई झाली. किनाऱ्यावरील हिंदी लोकांनी वर्गणी जमवून कोर्टात दाद मागितली, परंतु तेथील अपील न्यायालयाने निर्णय विरुद्ध दिला. अखेर २३ जुलै रोजी युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत फिरविण्यात आले.

कथा येथे संपत नाही. सप्टेंबरअखेर जहाज कलकत्त्याजवळ बजबज येथे आले, तेव्हा सरकारने उतारूंना आगगाडीत बसवून थेट पंजाबात पाठविण्याचा घाट घातला. त्यांनी नकार देताच २९ सप्टेंबर रोजी चकमक उडाली, गोळीबार झाला आणि सुमारे वीस उतारू प्राणास मुकले. परक्या दाराशी नाकारलेल्या माणसांना स्वतःच्या दारातही मोकळेपणाने शिरता आले नाही. कारण त्यांना आपले म्हणणारे सरकारच तेव्हा नव्हते. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या घटनेबद्दल औपचारिक माफी मागितली. त्या वेळी घटनेला १०२ वर्षे होऊन गेली होती.

बाहेर पडण्याचा हक्क

स्वातंत्र्यानंतर भारतीय नागरिकाला आपले म्हणणारे सरकार मिळाले. पण पहिले दार त्यामुळे आपोआप मोकळे झाले नाही. १९६७ पर्यंत पारपत्र द्यावे की नाही हे ठरविणारा कोणताही कायदा देशात नव्हता. ते देणे हा शासनाच्या स्वेच्छेचा भाग मानला जाई. सतवंत सिंग साहनी या व्यापाऱ्याला सरकारने त्याची पारपत्रे परत करण्यास सांगितले, तेव्हा त्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० एप्रिल १९६७ रोजी न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात परदेशी जाण्याचा हक्क अंतर्भूत आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय तो हिरावून घेता येणार नाही, असे बहुमताने ठरविले. परिणामी त्याच वर्षी संसदेला पारपत्र अधिनियम करावा लागला. पारपत्र कोणत्या कारणांनी नाकारता येते, केव्हा अडकवून ठेवता येते आणि त्याविरुद्ध अपील कोठे करावयाचे, हे या अधिनियमाने निश्चित केले.

पुढचा टप्पा मनेका गांधी यांच्या खटल्याचा. जुलै १९७७ मध्ये त्यांना सार्वजनिक हिताच्या कारणास्तव पारपत्र जमा करण्यास सांगण्यात आले, आणि कारणे सांगण्यास मात्र नकार देण्यात आला. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेल्या निर्णयाचे सार असे की, केवळ कायदा असणे पुरेसे नाही. त्या कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, आणि संबंधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. एका पुस्तिकेवरून उभा राहिलेला हा वाद भारतीय संविधानाच्या इतिहासातील एक मोठे वळण ठरला. अकरा वर्षांच्या आत दोन निर्णयांनी पहिल्या दारावरील पहारेकऱ्याला कारण देण्यास बांधून घेतले. दुसऱ्या दारावरील पहारेकऱ्याला मात्र भारतीय न्यायालय काही विचारू शकत नाही.

व्हिसामागील चार प्रश्न

व्हिसासाठी मागितल्या जाणाऱ्या कागदांची यादी लांबलचक असते आणि ती देशोदेशी बदलते. तरीही बारकाईने पाहिल्यास तिच्या मुळाशी चारच प्रश्न आढळतात. येणारा कोण आहे? कशासाठी येत आहे? त्याचा खर्च कोण करणार? आणि तो मुदतीत परत जाईल काय? पारपत्र, छायाचित्र व बोटांचे ठसे हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. निमंत्रणपत्र, विद्यापीठातील प्रवेशाचा दाखला किंवा राहण्याच्या जागेचे आरक्षण हे दुसऱ्याचे. बँकेचा उतारा आणि विमा हे तिसऱ्याचे. चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर भविष्यकाळात दडलेले असते. त्यासाठी नोकरीतील रजेचा दाखला, शेती किंवा घराचे कागद आणि कुटुंबाची माहिती पाहिली जाते. अमेरिकेच्या १९५२ च्या आप्रवासन कायद्यात तर अल्पकाळासाठी येणारा बहुतेक प्रत्येक अर्जदार कायमचे राहण्याच्या हेतूनेच येत आहे असे गृहीत धरले आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. ज्याच्या नावावर घर नाही, शेत नाही आणि नियमित पगारही नाही अशा प्रामाणिक माणसाला हा चौथा प्रश्न सर्वांत जड जातो, हे यातून उघड होते.

एक उदाहरण : शेंगेन प्रदेश

हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात याचे चांगले उदाहरण युरोपातील शेंगेन व्यवस्थेत मिळते. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीतील एका बोटीवर, पाच देशांनी आपसांतील सीमातपासणी काढून टाकण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया आणि बल्गेरिया पूर्णतः सामील झाल्यावर या प्रदेशात एकोणतीस देश झाले. स्वित्झर्लंड व नॉर्वे युरोपीय संघात नसूनही त्यात आहेत. आयर्लंड संघात असूनही त्यात नाही.

भारतीय पर्यटकाला या सर्व देशांसाठी एकच व्हिसा लागतो. जेथे सर्वाधिक दिवस मुक्काम असेल किंवा जेथे जाणे हा मुख्य हेतू असेल त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा. सर्वत्र मुक्काम सारखाच असेल तर जेथून प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत, परंतु सामान्यतः किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पारपत्र मागील दहा वर्षांत दिलेले असावे, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावे आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. आजारपणाच्या खर्चासाठी किमान तीस हजार युरोचा विमा आवश्यक आहे.

मुक्कामाची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस अशी आहे, आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. हे १८० दिवस वर्षारंभापासून किंवा पहिल्या प्रवेशापासून मोजावयाचे नसतात. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसासह मागे १८० दिवस मोजावयाचे असतात. समजा, एखादा प्रवासी १ मार्चला आला व ३० मार्चला परतला. येण्याचा व जाण्याचा दिवस धरून तीस दिवस झाले. तो पुन्हा १ जूनपासून ३० जुलैपर्यंत राहिला. हे साठ दिवस झाले. एकूण नव्वद भरले. ३१ जुलैला तो तेथे राहिल्यास नियमभंग होईल. त्याला पुन्हा पाऊल ठेवता येईल ते २८ ऑगस्टला. कारण त्या दिवशीची १८० दिवसांची मोजणी २ मार्चपर्यंतच मागे जाते आणि १ मार्चचा दिवस तिच्यातून गळून पडतो. अर्थात अनेक प्रवेशांची मुभा असलेला त्याचा व्हिसा तोवर वैध असला पाहिजे. व्हिसाची वैधता आणि मुक्कामाचे दिवस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर्षभर वैध असलेला व्हिसा वर्षभर राहण्याची परवानगी देत नाही.

या व्यवस्थेतील दोन तरतुदी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. व्हिसा नाकारल्यास ठराविक नमुन्यात कारण कळविणे आणि अपिलाची सोय देणे बंधनकारक आहे. म्हणजे मर्जीलाही थोडाफार कायद्याचा लगाम घालता येतो. दुसरी तरतूद उलट दिशेची आहे. केवळ व्हिसा हाती असल्याने प्रवेशाचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही. सीमेवरील अधिकारी तेच चार प्रश्न पुन्हा विचारू शकतो. म्हणून निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि विम्याचा कागद सामानाच्या पेटीत न टाकता हाताशी ठेवणे शहाणपणाचे होय.

शेजारच्या सीमा

सर्वच सीमा इतक्या कडक नसतात. ३१ जुलै १९५० च्या करारानुसार भारत व नेपाळ यांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात जाण्यास व्हिसा लागत नाही. बिहार किंवा उत्तर प्रदेशातील सीमेवरील माणूस बाजारहाटासाठी पायी पलीकडे जाऊन येतो. विमानाने जाणाऱ्या भारतीयाने पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ बाळगणे मात्र आवश्यक आहे. याउलट, १९४७ पर्यंत जेथे सीमाच नव्हती तेथे ती कागदाने निर्माण झाली. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत सुरू केली आणि ऑक्टोबर १९५२ पासून पूर्वेकडील सीमेवरही पारपत्र व व्हिसा आवश्यक झाले. एका गावचे भाऊ दोन देशांचे नागरिक झाले, आणि भेटीसाठी त्यांना परक्या सरकारची अनुमती मागावी लागली.

मजुराचे पारपत्र

पर्यटकाला व्हिसा नाकारला गेला तर त्याची सहल हुकते. मजुराच्या बाबतीत साऱ्या कुटुंबाचे भवितव्य पणास लागलेले असते. केरळ, तेलंगण, बिहार, उत्तर प्रदेश आणि कोकण येथून आखाती देशांत जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण कर्ज काढून निघतात. त्यांच्या संरक्षणासाठी १९८३ चा उत्प्रवासन अधिनियम आहे. भरती करणाऱ्या दलालाकडे नोंदणी-प्रमाणपत्र असणे त्याने सक्तीचे केले. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीने ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची अनुमती घ्यावी, अशीही व्यवस्था आहे. ही अनुमती टाळण्यासाठी दलाल मजुराला पर्यटकाच्या व्हिसावर पाठवितो, तेव्हा मजूर दोन्ही दारांवरील संरक्षण एकदमच गमावतो. त्याच्या नोकरीची नोंद स्वदेशी नसते, आणि परदेशात त्याचे काम करणेच बेकायदा ठरते.

मालकाने पारपत्र काढून घेणे ही अशीच दुसरी आपत्ती. पारपत्र अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार पारपत्र सर्वकाळ केंद्र शासनाच्या मालकीचे असते. धारक केवळ ते बाळगतो. ते तारण म्हणून ठेवून घेण्याचा कोणत्याही मालकाला अधिकार पोचत नाही. ते हरवल्यास किंवा अडकवून ठेवले गेल्यास भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा. स्वदेशी परतण्यापुरते आणीबाणीचे प्रमाणपत्र ती देऊ शकते. निघण्यापूर्वी पारपत्राच्या, व्हिसाच्या व नोकरीच्या कराराच्या प्रती घरी ठेवण्याची साधी खबरदारी अशा वेळी फार मोलाची ठरते.

दोन दारांमधील ही विषमता नजीकच्या काळात नाहीशी होईल असे दिसत नाही. आपल्या भूमीवर कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार कोणतेही राष्ट्र सहजासहजी सोडणार नाही. परंतु नियम आधी जाहीर व्हावा, तो सर्वांना सारखा लागू व्हावा, नकाराचे कारण सांगितले जावे आणि त्यावर दाद मागता यावी, एवढी अपेक्षा दुसऱ्या दाराकडूनही बाळगता येते. कोमागाता मारूच्या उतारूंचे मागणे याहून फारसे अधिक नव्हते.